जुन्या रेडिओचा कान

घरातला रेडिओ वाजेनासा झाला की आपण म्हणतो, ‘रेडिओ मुका झाला.’ व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओच्या बाबतीत हे निदान पुष्कळदा चुकीचे ठरते. त्याचे तोंड, म्हणजे लाउडस्पीकर आणि आवाज मोठा करणारा भाग, धडधाकट असतो. गेलेला असतो तो त्याचा कान. हवेतून एकाच वेळी येणाऱ्या असंख्य लहरींमधून आपल्याला हवी ती एकच लहर वेचून घेणारा जो भाग, त्याला ट्यूनर म्हणतात. तोच हा कान. मुक्यावरचा इलाज बहिऱ्याला लागू पडत नाही. म्हणून या कानाची तपासणी कशी करावी, त्याचे कोणते विकार साधे व कोणते अवघड, आणि मुख्य म्हणजे कोठे हात लावू नये, हे आज सांगण्याचा विचार आहे.

याला निमित्त झाले बेज्जूरच्या एका रेडिओचे. बेज्जूर हे गाव पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातले. २०१६ पासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. भोवती जंगल, पूर्वेला प्राणहिता नदी आणि नदीपलीकडे आपला गडचिरोली जिल्हा. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे आले आणि सिरपूर-आसिफाबादचा मुलूख आंध्र प्रदेशात राहिला. तिकडच्या मराठी घरांना वर्तमानपत्र उशिरा मिळे, मराठी शाळा दूर पडे. परंतु रेडिओच्या लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. हैदराबादचा ‘डेक्कन रेडिओ’ १९५० साली आकाशवाणीत सामील झाला. बेज्जूरहून नागपूर व हैदराबाद ही दोन्ही शहरे सरळ रेषेत दोनशे ते पावणेतीनशे किलोमीटरांच्या टप्प्यात येतात. एकाच खुंटीवर बोट ठेवून एकीकडे मराठी आणि दुसरीकडे तेलुगू व उर्दू ऐकण्याची सोय त्या घरांना होती.

अशाच एका घरी मला बोलावणे आले. घरधनी सेवानिवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणते. वडिलांनी कागजनगरला घेतलेला पाच व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनी लाकडी फडताळावर जपून ठेवला होता. कितीतरी वर्षांत तो लागला नव्हता. शहरातल्या एका दुकानदाराने त्यांच्या नातवाला सांगितले होते, “आतले सारे सामान काढून टाका, मी या पेटीत ब्लूटूथचा संच बसवून देतो.” नातवाला ते पटले होते. गुरुजी मात्र मला म्हणाले, “तुम्ही एकदा बघा. याला काही ऐकूच येत नसेल तर मग त्याचे काय करायचे ते करा.” नकळत त्यांनी अचूक शब्द वापरला होता.

आता पेटी उघडण्यापूर्वी एक सूचना, आणि ती मी आग्रहाने करणार आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओत आतल्या भागात अडीचशे व्होल्टपर्यंत दाब खेळत असतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. म्हणून प्लग काढून थोडा वेळ थांबावे आणि मग दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा रोध घेऊन त्याच्या दोन टोकांनी तो साठा उतरवावा. रोधाच्या तारांना मात्र बोटे लागता कामा नयेत. काही रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट विजेवर चालतात. ज्यांच्या व्हॉल्व्हच्या नावाची सुरुवात ‘यू’ या अक्षराने होते, उदाहरणार्थ यू.सी.एच. ८१ किंवा यू.एल. ८४, ते बहुधा या जातीचे. त्यांच्या चॅसिसलाच, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, वीज असू शकते; खुंटीचा बारीक पेचदेखील धक्का देतो. अशा रेडिओला जाणकाराखेरीज कोणी चालू स्थितीत हात लावू नये.

वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ एकदम विजेला जोडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. जुने मेणकागदाचे कंडेन्सर दमटपणाने गळू लागलेले असतात. ते बदलावे आणि पहिल्या वेळी रेडिओ साठ वॅटच्या जुन्या पद्धतीच्या दिव्यामागे, म्हणजे मेकॅनिक लोकांच्या सीरिज बोर्डावर लावावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कोठेतरी वीज आडमार्गाने जात आहे. प्लग काढून आधी ते शोधावे. बेज्जूरच्या रेडिओचे तीन कंडेन्सर बदलावे लागले. मग व्हॉल्व्ह तांबूस उजळले आणि लाउडस्पीकरमधून बारीक घरघर ऐकू आली.

येथे पहिला प्रश्न विचारायचा: रेडिओ मुका आहे की बहिरा? जुन्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके असतात. ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओत रबरी मुठीच्या पेचकसाने त्यांतल्या आतल्या टोकाला हलकेच स्पर्श केला, आणि त्या वेळी दुसरा हात खिशात ठेवला, की लाउडस्पीकर ‘हूं’ असा आवाज करतो. आवाज आला म्हणजे तोंड शाबूत आहे. बेज्जूरच्या रेडिओने असा काही हुंकार दिला की शेजारच्या खोलीतून मंडळी धावत आली. तोंड तर चांगलेच होते. तेव्हा आता कानाकडे वळू.

हा कान ऐकतो कसा, हे समजल्यावाचून त्याचे दुखणे कळणार नाही. आपल्या रेडिओंत ‘सुपरहेटेरोडाइन’ नावाची पद्धत असते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने ती सिद्ध केली. तिची युक्ती मोठी मजेची आहे. प्रत्येक केंद्राची लहर वेगळ्या कंपनसंख्येची; त्या प्रत्येकीला मोठे करण्यासाठी वेगळी व्यवस्था ठेवायची म्हटले तर रेडिओ कपाटाएवढा होईल. म्हणून रेडिओ आपल्या पोटात स्वतःची एक लहर निर्माण करतो. ही लहर बाहेरून येणाऱ्या लहरीपेक्षा नेहमी ठरावीक अंतराने वर असते. हे अंतर बहुधा ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास, जुन्या भाषेत किलोसायकलच्या आसपास, ठेवलेले असते. दोन्ही लहरी एका व्हॉल्व्हमध्ये मिसळल्या की त्यांच्या फरकाएवढी एक तिसरी लहर तयार होते. केंद्र कोणतेही असो, ही मधली लहर ठरलेलीच. पुढची सारी यंत्रणा तिच्या एकटीच्या सेवेला असते.

नागपूर केंद्राचे उदाहरण घेऊ. त्याची लहर ५८५ किलोहर्ट्झची म्हणून श्रोत्यांना परिचित आहे. ती ऐकायची तर रेडिओने आपल्या पोटात १०४० ची लहर काढली पाहिजे. १०४० मधून ५८५ वजा केले की ४५५ उरतात. हैदराबादच्या ७३८ साठी हीच आतली लहर ११९३ वर न्यावी लागते. हे काम करणारा भाग म्हणजे आंदोलक. त्याचा आणि एरियलकडील भागाचा मेळ राखण्यासाठी दोघांच्या धातूच्या पट्ट्या एकाच दांड्यावर बसवलेल्या असतात. यालाच गँग कंडेन्सर म्हणतात. आपण खुंटी फिरवतो तेव्हा फिरत्या पट्ट्या स्थिर पट्ट्यांच्या फटींत शिरतात किंवा बाहेर येतात. त्या पूर्ण आत असल्या की कमी कंपनसंख्येची केंद्रे लागतात, बाहेर आल्या की जास्तीची. म्हणजे कानाचे चार अवयव झाले: खुंटीपासून गँगपर्यंतची दोरी, गँग, लहरपट्टे बदलणारा स्विच, आणि आंदोलक. तपासणी याच क्रमाने करावी, कारण साध्या गोष्टी आधी येतात आणि बहुतेक दुखणी त्यांतच सापडतात.

दोरीपासून आरंभ करू. खुंटी फिरते पण सुई हलत नाही. किंवा सुई हलते पण केंद्र बदलत नाही. किंवा खुंटी फिरवून सोडली की थोडी मागे येते. या तिन्ही खुणा दोरीच्या होत. बेज्जूरला दोरीचे उंदरांनी दोन तुकडे केले होते. नवी दोरी बारीक, विणलेली आणि न ताणणारी हवी. पतंगाचा मांजा किंवा शिवणाचा दोरा चालत नाही. जुनी दोरी जाग्यावर असेल तर काढण्यापूर्वी तिच्या वाटेचा नकाशा कागदावर काढून ठेवावा; आता मोबाईलने छायाचित्र घेणे अधिक सोपे. खुंटीच्या दांड्यावर दोन-तीन वेढे द्यावेत, वेढे एकमेकांवर चढू देऊ नयेत. मोठ्या चाकातली स्प्रिंग दोरीला ताण देते. ती इतकीही ओढू नये की खुंटी जड होईल. दोरी घसरत असेल तर चिमूटभर राळ तिला चोळावी. तेलाचा थेंब दांडा ज्या भोकात फिरतो तेथे द्यावा. दोरीवर पडला तर सारे मुसळ केरात.

दोरी बसली, सुई चालू लागली. डायलच्या वरच्या अर्ध्या भागात अस्पष्ट बोलणे ऐकू आले. मात्र सुई खालच्या टोकाकडे, म्हणजे नागपूरच्या बाजूला नेली की कडकड असा आवाज होई आणि पुढे सारे सामसूम. ही खूण गँगची. फिरती पट्टी स्थिर पट्टीला टेकली की लहर तेथल्या तेथे जमिनीत जाते. खुंटीच्या एखाद्याच जागी कडकड झाली तर पट्ट्या टेकत आहेत असे समजावे. सर्वच जागी खरखर होत असेल तर फिरत्या दांड्याला सांगाड्याशी जोडणारी पितळी स्प्रिंग मळली आहे असे समजावे. ती स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कुंचल्याने पुसली की काम होते.

मी टॉर्चच्या उजेडात पट्ट्या पाहिल्या तेव्हा फटीत मातीचा एक गोळा घट्ट बसलेला दिसला. कुंभारीण माशीने तेथे घर केले होते! शहरातल्या मेकॅनिकला हे दुखणे क्वचित भेटते. माती स्पिरिटने भिजवून, पिसाच्या देठाने थोडी थोडी कोरून काढली. पण तिच्या दाबाने एक पट्टी केसभर कलली होती. ती पातळ, न धारेच्या पात्याने हळूच सरळ केली. येथे एक सावधगिरी हवी. गँगच्या बाहेरच्या फिरत्या पट्टीला काही वेळा चिरा पाडलेल्या असतात आणि तिचे तुकडे थोडे आतबाहेर वाकलेले दिसतात. तो बिघाड नव्हे. कारखान्यात प्रत्येक रेडिओचा मेळ बसवताना ते मुद्दाम तसे वाकवलेले असतात. त्यांना ‘सरळ’ करणे म्हणजे कारागिराची सही खोडण्यासारखे आहे.

पट्ट्या टेकतात की नाही हे मीटरने पाहायचे तर प्लग काढून गँगला जोडलेली कॉइलची तार आधी सोडवावी; नाहीतर मीटर कॉइलचेच थोडे ओहम दाखवील आणि आपण फसू. तार सोडवून दांडा सावकाश फिरवावा. काटा कोठेही उसळी घेता कामा नये. गँग ज्या रबरी बुचांवर बसवलेला असतो तीही पाहावीत. ती कडक होऊन चुरली की लाउडस्पीकरचे कंप गँगच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतात आणि लघुलहरींवर आवाज मोठा करताच रेडिओ भोंग्यासारखा ओरडू लागतो. पुष्कळांना वाटते, व्हॉल्व्ह खराब झाला. इलाज असतो चार रबरी बुचांचा.

तिसरा अवयव लहरपट्ट्यांचा स्विच. मध्यम लहरी लागतात, लघुलहरी लागत नाहीत. किंवा स्विचची खुंटी दाबून धरली की आवाज येतो, सोडली की जातो. ही त्याची लक्षणे. त्याचे स्पर्शबिंदू चांदीच्या मुलाम्याचे असतात आणि काळाने काळवंडतात. प्लग काढून त्यांना स्पिरिट लावावे, स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवावा, कापडाच्या चिंधीने पुसून घ्यावे. कागदी पॉलिशपेपर कधीही लावू नये. मुलामा गेला की आतले पितळ पुन्हा पुन्हा काळे पडते. ज्या घरात एके काळी ‘बिनाका गीतमाला’ सिलोनवरून ऐकली जाई, त्या घरातल्या रेडिओचा हा स्विच विशेष झिजलेला असतो. दर आठवड्याला मध्यम लहरींवरून लघुलहरींवर आणि परत अशी त्याची ये-जा चाललेली असे.

गँग साफ झाल्यावर दुपारी चारच्या सुमारास बेज्जूरच्या रेडिओवर खालच्या टोकाला मराठी बोलणे आले. क्षीण होते, पण मराठी होते. गुरुजी काही बोलले नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसले. पण सायंकाळी सात वाजले आणि गावातले दिवे लागले, तसा आवाज पुन्हा गेला. खालचे टोक आधी गेले, मग हळूहळू सारा पट्टा. नातू म्हणाला, “झाले, गेला पुन्हा!” मला मात्र हे लक्षण ओळखीचे वाटले.

चौथ्या अवयवाची, आंदोलकाची परीक्षा येथे उपयोगी पडते. ती करण्यास महागडे उपकरण लागत नाही. एक चालू ट्रान्झिस्टर रेडिओ घ्यावा, जुन्या रेडिओशेजारी ठेवावा आणि त्यावर हजार किलोहर्ट्झच्या वरचे एखादे क्षीण केंद्र लावावे. मग जुन्या रेडिओची सुई खालच्या टोकापासून सावकाश फिरवावी. जुन्या रेडिओचा आंदोलक जिवंत असेल तर त्याची लहर त्या केंद्राजवळून जाताना ट्रान्झिस्टरमधून शीळ ऐकू येते. उंच स्वरातून खाली उतरणारी आणि पुन्हा चढणारी. मुंबईचे १०४४ लागत असेल तर हिशेब सरळच आहे: जुन्या रेडिओची सुई ५८९ च्या आसपास, म्हणजे नागपूरच्या अगदी जवळ आली की शीळ वाजली पाहिजे. शीळ वाजली तर आंदोलक निर्दोष. दोष पुढे मधल्या लहरीच्या भागात किंवा मागे एरियलकडे. शीळ नसेल तर आंदोलक झोपला आहे.

बेज्जूरला दुपारी वाजलेली शीळ सायंकाळी वाजेना. मीटर विजेच्या खोबणीत लावला. दोनशे तीस व्होल्टच्या जागी एकशे सत्तर! दाब इतका उतरला की व्हॉल्व्हची तार पुरेशी तापत नाही, आणि दमलेल्या व्हॉल्व्हचा आंदोलक सर्वांआधी मान टाकतो. बाकीचे भाग कुरकुरत का होईना चालतात. म्हणून दिवे लागलेले, लाउडस्पीकर घरघरत आहे आणि केंद्र मात्र नाही, असा चमत्कारिक देखावा दिसतो. रात्री उशिरा गावाची वीज कमी वापरली जाऊ लागली आणि रेडिओ आपोआप बोलू लागला. सायंकाळी गप्प आणि मध्यरात्री बोलका, असा रेडिओ असेल तर दोष विजेच्या तारेतही असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

रेडिओच्या पाठीमागे कमीजास्त दाबाप्रमाणे बदलण्याची एक पट्टी असते. ती खालच्या आकड्यावर ठेवण्याचा मोह होतो. तसे करू नये. रात्री दाब पूर्ववत झाला की व्हॉल्व्हच्या तारा जरुरीपेक्षा जास्त तापतात आणि त्यांचे आयुष्य घटते. दाब स्थिर राखणारा स्टॅबिलायझर घ्यावा. त्याचबरोबर लहर बदलणारा व्हॉल्व्ह, या रेडिओतला ई.सी.एच. ८१, बदलून पाहावा. नव्या व्हॉल्व्हने आंदोलक कमी दाबावरही तग धरू लागला, तर जुना थकला होता हे सिद्ध झाले. व्हॉल्व्ह बदलूनही शीळ येत नसेल तर त्या व्हॉल्व्हच्या पायाशी असलेले रोध मोजावेत. काळाने त्यांची किंमत वाढते आणि आंदोलकाला मिळणारा दाब घटतो.

या भागात आणखी एक दुखणे हमखास भेटते: एरियलची कॉइल जळणे. मृगाच्या आधीची वळवाची वीज दूर कडाडली तरी लांब एरियलमध्ये झटका येतो आणि केसाएवढी तार वितळते. लक्षण असे: रेडिओ चालतो, पण फार क्षीण, एरियल काढली-लावली तरी फरक पडत नाही. मीटरने कॉइलची दोन टोके मोजावीत. थोडे ओहम दिसले तर कॉइल अखंड. काटा हललाच नाही तर ती तुटली. निराश होऊ नये. तार पुष्कळदा डाखाच्या जागीच तुटलेली असते आणि एक वेढा सोडून पुन्हा डाख दिला की जुळते. मात्र काही कॉइलींची तार अनेक बारीक धाग्यांची असते. तिचा प्रत्येक धागा स्वच्छ होऊन डाखात आला पाहिजे. आणि यापुढे ढग भरून आले की एरियल रेडिओतून काढून ठेवण्याची सवय घरातल्या मुलांना लावावी.

आता ज्या ठिकाणी हात लावू नये म्हणून मी सुरुवातीला म्हटले, तेथे येऊ. रेडिओ उघडला की चौकोनी ॲल्युमिनियमच्या डब्या दिसतात आणि त्यांच्या माथ्यावर पेच. गँगच्या अंगालाही ट्रिमर नावाचे छोटे पेच असतात. पेच दिसला की फिरवावा, ही माणसाची जित्याची खोड. पण हे पेच सैल झाल्यामुळे रेडिओ एकाएकी बंद पडला असे सहसा घडत नाही. ते फिरवल्यामुळे कायमचे बहिरे झालेले रेडिओ मात्र मी पुष्कळ पाहिले. खरा दोष एक असतो. पेच फिरवले की त्यात आपण सहा दोषांची भर घालतो, आणि मग मूळ दोष निघाला तरी रेडिओ ऐकत नाही.

नागपूर लागले तरी आवाज इतका क्षीण का, हा प्रश्न मला पडलाच होता. मी नातवाकडे पाहिले. तो जरा थांबला आणि मग म्हणाला, “दोन पेच मी फिरवले होते. अर्धा अर्धा वळसा. या दोन डब्यांचे.” इतके नेमके आठवणारा मुलगा विरळा. मी ते दोन्ही पेच अर्धा वळसा उलटे घेतले, मग क्षीण केंद्र लावून, प्लॅस्टिकच्या पेचकसाने आवाज जास्तीत जास्त होईपर्यंत केसभर पुढेमागे केले. रेडिओचा कान एकदम उघडला. लोखंडी पेचकस येथे चालत नाही. लोखंड जवळ आले की मेळ बदलतो आणि दूर नेले की पुन्हा बिघडतो.

पूर्ण मेळ बसवण्याची वेळ आलीच तर क्रम असा: आधी मधल्या लहरीच्या डब्या, मग आंदोलक, खालच्या टोकाला, सहाशेच्या सुमारास, कॉइलच्या गाभ्याने आणि वरच्या टोकाला, पंधराशेच्या सुमारास, ट्रिमरने, शेवटी एरियलकडचा भाग त्याच रीतीने. आणि हे दोन-तीन वेळा. खाली गाभा आणि वर ट्रिमर असे का? शंभर रुपये खिशात असताना चार आणे गेले-आले तर कळत नाही. पण एकच रुपया असताना चार आण्यांना मोठी किंमत असते. गँगच्या पट्ट्या आत असताना त्याची धारणशक्ती मोठी, तेव्हा ट्रिमरचा छोटा वाटा जाणवत नाही. पट्ट्या बाहेर आल्या की तोच वाटा निर्णायक ठरतो. प्रत्येक पेचाची मूळ जागा आधी रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवावी. परतीची वाट माहीत असेल तरच पुढे जावे.

इतके करूनही सुई आणि केंद्र यांत थोडा फरक राहील. त्यासाठी रेडिओला दोष देऊ नये. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी आपल्याकडील मध्यम लहरींची आंतरराष्ट्रीय करारानुसार फेरमांडणी झाली आणि केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर आली. ५५८, ५८५, ७३८, १०४४ या साऱ्या संख्यांना नऊने पूर्ण भाग जातो तो त्यामुळे. जुन्या डायलच्या काचेवरची नावे त्याआधीची. काही डायलांवर आकडे मीटरमध्ये असतात. तीन लाखांना किलोहर्ट्झने भागले की मीटर मिळतात. ५८५ म्हणजे सुमारे ५१३ मीटर. काच पाहून पेच फिरवण्यापेक्षा हा हिशेब डोक्यात ठेवावा. एफ.एम.ची केंद्रेही या रेडिओंत शोधू नयेत. आदिलाबाद आणि चंद्रपूर येथील आकाशवाणी केंद्रे एफ.एम.वर बोलतात, ज्या जुन्या रेडिओला तो पट्टाच नाही, त्याला ती कशी ऐकू येणार?

आणि एक आधुनिक उपद्रव. मोबाईलचे चार्जर, एल.ई.डी.चे दिवे आणि इन्व्हर्टर मध्यम लहरींवर मोठा खरखराट करतात. जुन्या रेडिओच्या काळी ही वस्तू घरात नव्हती. ट्यूनर खराब ठरवण्यापूर्वी ही मंडळी एकेक करून बंद करून पाहावीत. बेज्जूरला छपरावर वीस-पंचवीस हात लांब तार बांधली, अंगणात ओल्या जागी अर्थचा खिळा पुरला आणि भिंतीवरचा एक चार्जर काढला. निम्मा खरखराट तेवढ्याने गेला. सूर्य मावळल्यावर दूरची केंद्रे आपोआप जवळ येतात, कारण दिवसा या लहरींना शोषून घेणारा वातावरणाचा थर रात्री विरतो आणि वरच्या थरावरून लहरी परतून येतात. म्हणून जवळच्या केंद्राची परीक्षा दिवसा करावी, दूरच्या केंद्राची रात्री.

गेल्या काही वर्षांत देशातील अनेक मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद झाले आहेत. हे रेडिओ ज्यासाठी घडवले गेले ते बोलणे दिवसेंदिवस कमी होत जाणार. तेव्हा फडताळावरच्या रेडिओची दोरी, पट्ट्या आणि स्विच पाहण्याचे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नये. पेटीतले सामान एकदा भंगारात गेले की पेटी नुसते खोके उरते.

त्या रात्री दहाच्या सुमारास गुरुजींनी स्वतः खुंटी हाती घेतली. आधी नागपूर लावले, मग हैदराबाद, मग पुन्हा नागपूर. नातवाला जवळ बोलावून म्हणाले, “फिरव बरे. हळू. दोरीला ताण देऊ नको.” नातवाने फिरवली. शहरातल्या दुकानदाराचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना मी त्याला तो ट्रान्झिस्टर, रंगाची बाटली आणि प्लॅस्टिकचा पेचकस देऊन आलो. आणि सीरिज बोर्ड कसा बांधायचा ते कागदावर काढून दिले.